दोन झाकणं अश्वगंधारिष्ट

१२ जानेवारी, सोमवार

डायरी लिहायची सवय मला नाही. ही डायरी विम्याच्या एजंटाने दिली होती, उन्नती तिच्यात गणितं सोडवणार होती, ती मी लेकीकडून मागून घेतली. आजची गोष्ट कुठेतरी बोलल्याशिवाय राहवत नाही आणि बोलावं असा माणूस दिसत नाही. बायकोला, सुकेशनीला, सांगितलं तर ती मला उद्यापासून ड्यूटीवरच जाऊ देणार नाही.

मी मालगाडी चालवतो. आज दुपारी कोळशाने भरलेली गाडी घेऊन आमल्याकडे निघालो होतो. सोबत नेहमीचा सहायक दुर्गेश. आमच्या कामाची एक रीत आहे. सिग्नल दिसला की सहायकाने तो मोठ्याने पुकारायचा आणि ड्रायव्हरने हात वर करून तोच रंग परत म्हणायचा. दोघांची तोंडं जुळली म्हणजे दोघांनी पाहिलं, असा हिशेब. काटोल सुटल्यावर दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, ऊन उबदार, पोट भरलेलं. दुर्गेश म्हणाला, ‘येलो’, म्हणजे वेग कमी करा, पुढे लाल असेल. मी हात वर केला आणि म्हणालो, ‘येलो’. हे सगळं दुर्गेशने नंतर सांगितलं. मला यातलं काहीच आठवत नाही. ना सिग्नल, ना हात, ना माझा आवाज.

मला आठवतं ते एवढंच, की दुर्गेश माझा खांदा धरून ओरडत होता आणि समोर लाल होता. गाडी लालच्या अलीकडे उभी राहिली. किती अलीकडे ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

ड्रायव्हर जागा आहे का हे बघायला इंजिनात एक बटण असतं. थोड्या थोड्या वेळाने ते दाबलं नाही तर गाडी आपोआप थांबते. तेसुद्धा मी बरोबर दाबत होतो म्हणे. सुकेशनी मालिका बघत पोळ्या लाटते, तसं. म्हणजे तोंड जागं होतं, हात जागा होता, फक्त मीच नव्हतो. मला फार भीती वाटते आहे.

‘होते सर असं कधी कधी,’ दुर्गेश म्हणाला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. बिचाऱ्याचे डोळे लाल झाले होते आणि डबा त्याने न उघडताच परत नेला. तरुण पोरं आजकाल जेवतच नाहीत.

१५ जानेवारी, गुरुवार

कमी झोपतो म्हणावं तर तसंही नाही. काल जेवून पडलो तो सकाळी सुकेशनीने हलवल्यावर उठलो. मध्ये लघवीला उठतो, तेवढंच. तरी सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, जसा काही रात्रभर मीच कोळशाच्या वाघिणी ढकलत होतो.

सुकेशनी दिवाळीपासून उन्नतीच्या खोलीत झोपते. आज चहा पिता पिता म्हणाली, “तुमच्या नाकातूनच मालगाडी जाते जी. बरं, सारखी जात राहीन तर सवयबी होईन. मधातच उभी राहाते. आवाज नाई, काही नाई, मले वाटते गेले का काय हे. अन् मंग एकदम असा हॉर्न मारता का पोरगी दचकून उठते.” आम्ही तिघंही पोट धरून हसलो. एवढं घोरणाऱ्याला झोपेची काय कमी? कमी आहे ती ताकदीची. सेहेचाळिशी आली, पोट सुटलं, सदऱ्याचं वरचं बटण गळ्याशी लागत नाही.

डॉक्टरकडे जावं असं मनात येऊन गेलं. पण थकवा हा शब्द उच्चारला की ते दहा गोष्टी तपासणार, त्यातली एक बिघडलेली निघणार आणि मला इंजिनावरून उतरवून कुठल्यातरी टेबलामागे बसवणार. बाबूजी रेल्वेत खलाशी होते. त्यांनी जन्मभर इंजिन बाहेरून पुसलं. मी आत बसलो त्या दिवशी ते अजनीला फलाटाच्या टोकाला उभे होते, नवा सदरा घालून. आता ऐंशी उलटली तरी आल्यागेल्याला सांगतात, माझा धर्मेंद्र ड्रायव्हर आहे. त्यांना मी टेबल कसं सांगू?

१८ जानेवारी, रविवार

नंदनवन वस्तीतल्या आमच्या विहारात वंदनेला गेलो होतो. पंचशील म्हणताना मला बाबूजींचं कोपर लागलं. मी डोळे उघडले तेव्हा पाचवं शील चाललं होतं, दारू-मादक द्रव्यांपासून दूर राहण्याचं, आणि मी ते सगळ्यांबरोबर म्हणत होतो. एकही शब्द चुकला नव्हता.

बाबूजींना वाटलं मी भक्तीने डोळे मिटले होते. बारा वर्षांचे असताना ते आपल्या बापाचं बोट धरून छप्पनच्या दीक्षेला गेले होते. आजोबांनी त्या दिवसापासून मोहाची दारू सोडली आणि आमच्या घरात तिचा थेंब कधी आला नाही. हे ते पाचव्या शीलानंतर दर वेळी कोणाला तरी सांगतात. आज मला सांगितलं. मी पुन्हा पेंगलो.

२१ जानेवारी, बुधवार

दुर्गेशने परवा खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. “माह्या चुलतभावाची आहे, पियुषची. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिला तो. एक घेतली का झोप जवळ नाई येत सर.” पट्टी अर्ध्याहून जास्त रिकामी होती. पियुष फारच मन लावून अभ्यास करतो असं दिसतं.

काल सुट्टी होती म्हणून घरीच एक घेऊन पाहिली. आधी झकास वाटलं. पंखे पुसले, उन्नतीच्या सायकलची चेन बसवली, सुकेशनीला स्वयंपाकातल्या चुका दाखवल्या. मग छाती धडधडायला लागली ती थांबेना. हात थरथरत होते. समोरच्या भिंतीकडे बघत बसलो होतो, झोप नाही आणि धड जागही नाही. ही गोळी घेऊन इंजिनात बसलो असतो तर, या विचाराने घाम फुटला. रोगापेक्षा इलाज भयंकर.

आज पट्टी परत दिली. दुर्गेशने लगेच खिशात टाकली. त्याचाही हात कापत होता. यंदा थंडी जरा जास्तच आहे.

२४ जानेवारी, शनिवार

इंदुताई शेजारच्या. त्यांच्याकडे सर्दीपासून संसारापर्यंत सगळ्यावर घरगुती उपाय असतो. सुकेशनीने त्यांना नुसतं सांगितलं की हे सारखे थकून राहतात. दुसऱ्या दिवशी भिजवलेले बदाम, खजूर आणि गुळवेलीचा काढा घेऊन हजर. वर एक मोठी बाटली.

“अश्वगंधारिष्ट आहे गा भाऊ. आमचे हे इतकी वर्षं घेत होते. जडीबुटीचं आहे, गोळ्यांसारखं अंगावर येत नाई. जेवल्यावर दोन झाकणं, तेवढंच पाणी टाकून.”

सुकेशनी स्वतःच्या हाताने मोजून देते. गुळमट लागतं, जराशी जीभ चरचरते, मोहाच्या फुलांसारखा वास येतो आणि छातीत ऊब उतरते. ताकद येते ती अशीच येत असावी. बाटलीवर इतकं बारीक छापलं आहे की वाचायला भिंग लागेल. जडीबुटीत वाचायचं काय?

२९ जानेवारी, गुरुवार

दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसरीत नरखेडच्या अलीकडे मान खाली आली. दुर्गेश आता सिग्नल एकदा नाही, दोनदा पुकारतो. मी डोळ्यांखाली बाम लावला, उभा राहिलो, स्वतःला चिमटे काढले. आपल्या गाडीमागे कोळसा आहे, माणसं नाहीत, असं स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून एक पॅसेंजर गेली. दारात एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. त्यानंतर मला समजावता आलं नाही.

दोन झाकणांची मी चार केली आहेत. सुकेशनीला सांगितलं नाही. जडीबुटीला गुण यायला वेळ लागतो म्हणतात. तोपर्यंत काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ड्यूटीवर हजर होताना आम्हाला मशीनमध्ये फुंकावं लागतं, दारू प्यायलो नाही ना हे बघायला. इतकी वर्षं फुंकतो आहे. आज निघताना भीती एवढी होती की बाटली डब्याच्या पिशवीत घेतली आणि ड्यूटीची नोंद होते त्या लॉबीच्या फाटकाशी स्कूटर लावून, झाकण न मोजता, तोंडाला लावली. मग आत जाऊन फुंकलो. मशीन वाजलं.

लॉबीत मशीनवर कवडूजी बसले होते. आम्ही एकाच वर्षी भरती झालो. ते मशीनकडे बघत राहिले. “धर्मेंद्रभौ, तुमी?” मग म्हणाले मशीन बिघडलं असन, थांबून पुन्हा फुंका. पुन्हा फुंकलो. आकडा उतरला होता पण शून्य नव्हता. माझी गाडी दुसऱ्याला दिली. मागे रांगेत कोणीतरी हसून म्हणालं, “पंचशीलवाले बी निघाले.”

बाटली पिशवीतच होती. मी काढून दाखवू शकत होतो. कवडूजींनी मला अगदी हळू विचारलंसुद्धा, “काही औषध-गिवषध घेतलं होतं का?” औषध म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, कशाचं? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. म्हणून मी मान हलवली. नाही म्हणालो.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. बाबूजी ओसरीत बसले होते. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला. त्यांनी तो बाजूला सरकवला, उठले, आणि स्वतः माठातलं घेतलं. या घरात कोणी कोणाच्या हातचं पाणी नाकारायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुकेशनीने विचारलं, “खरं हाय का?” मी तोच ग्लास मोरीत नेऊन ठेवला. ती रडली नाही. उन्नतीला शाळेतून आणायला गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज उन्नतीने बाटली उचलली आणि मोबाईलने फोटो काढून अक्षरं मोठी केली. मग मोठ्याने वाचलं: यात आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. बरण्यांमध्ये महिनाभर मुरवतात म्हणे, त्यातून होतो.

घरात दिवाळी झाली. सुकेशनी आता रडली. बाबूजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मले मालूम होतं.” त्यांना मालूम नव्हतं. इंदुताईंनी स्वतःच्या तोंडात मारून घेतल्यासारखं केलं. सुकेशनी साडी बदलून, बाटली पिशवीत टाकून निघालीच. “चला. त्या मशीनवाल्यासमोर आपटते मी हे. दवाई होती म्हणून सांगू.”

मी दारात आडवा आलो. नको म्हटलं.

“काहून नोको? तुमचं नाव खराब झालं. काहून नोको जी?”

मी म्हटलं, बघू. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत पुन्हा संशय आला आणि या वेळी तो खरा होता, फक्त तिला वाटतो त्या गोष्टीचा नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय?

७ फेब्रुवारी, शनिवार

कवडूजी घरी आले. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेलो. त्यांना मी सगळं सांगितलं. काटोलपासून सगळं. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. चहा निवून गेला.

त्यांनी टपरीवाल्याला दुसरे दोन सांगितले. मग म्हणाले, “भौ, मी दोस्त म्हणून सांगतो. दारू कबूल करा. पयली वेळ आहे, नोकरीवर डाग नाई. शिक्षा होईन, काही महिने घरी बसान, मंग परत इंजिनावर. पण झोप सांगसान तर डॉक्टरच्या हातात गेले तुमी. तिथून इंजिनावर कोण परत येते? दारू माफ होते. झोप नाई होत.”

ते बरोबर बोलत आहेत. मी दिवसभर हाच विचार करतो आहे. दारुडा म्हणवून घ्यायचं, बाबूजींना काय सांगायचं ते सांगायचं, आणि इंजिन वाचवायचं. परत जाईपर्यंत ताकदही भरून येईल. सोमवारी नाही तर मंगळवारी जबाब द्यायचा आहे. बहुतेक तसंच करीन.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुर्गेश आला होता. आठवडाभरातच आणखी वाळला आहे. सुकेशनीने पोहे दिले, त्याने बशी नुसती हातात धरली. ती आत गेल्यावर म्हणाला, “सर, एक बोलू? राग नोका मानू.”

मी म्हटलं बोल.

“तुमी दारू घेता असं समजलं, तवा मले बरं वाटलं. खरंच सांगतो. म्हणलं दारू असन तर सुटन. पायलले बी तसंच सांगितलं.” पायल त्याची बायको. तिला सातवा महिना आहे.

मी विचारलं, “म्हणजे?”

“तुमी रोज झोपता सर. तुमाले एक-दोन वेळचं माहीत आहे. दिवाळीच्या आधीपासून रोज. हात वर करता, रंग सांगता, बटण दाबता अन् डोळे बंद. मी पुकारतो अन् ब्रेकवर हात ठेवून उभा राहातो.”

मग मला का सांगितलं नाहीस, म्हटलं. साहेबांना का नाही सांगितलंस? तो खाली बघत म्हणाला, “तुमी मले शिकवलं ना काम. तुमची रोजी कशी घेऊ?”

मग त्याने खिशातून पट्टी काढून टीपॉयवर ठेवली. नवी होती. तीही अर्धी रिकामी. “पियुष-बियुष कोणी नाई सर. मीच घेतो. तुमच्यासंगं ड्यूटी असली का दोन. एकाले तर जागं राहाच लागते.”

त्याची नखं कातडीपर्यंत खाल्लेली होती. मी त्याला तीन महिने रोज बघत होतो आणि त्याला थंडी वाजते असं समजत होतो.

जाताना दारात म्हणाला, “तुमी परत आले ना सर, तर मले तुमच्यासंगं नोका देऊ. मी मना नाही करू शकणार. तुमीच सांगून द्या.”

१० फेब्रुवारी, मंगळवार

जबाब दिला.

साहेबांनी विचारलं, दारू घेतली होती? मी म्हटलं, नाही, औषध होतं. बाटली पुढे ठेवली. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा सैल पडला. म्हणाले, अहो, मग त्याच दिवशी सांगायचं. शेजारी कवडूजी बसले होते. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की, बस, इथेच थांबा. खरंच, तिथेच थांबलो असतो तर दोन्ही हातांत लाडू होते. साहेबांनी लिहायला सुरुवात केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “कशासाठी घेत होता?”

“मी गाडी चालवताना झोपतो,” मी म्हटलं.

त्यांनी पेन थांबवलं. म्हणाले, हे लिहिलं तर खोडता येणार नाही. लिहा म्हटलं. सहायकाबद्दल विचारलं. मी सांगितलं, त्याच्यामुळे गाडी दर वेळी थांबली. गोळ्यांचं बोललो नाही. ते त्याने स्वतः डॉक्टरला सांगायचं असं आमचं काल रात्री फोनवर ठरलं आहे. हे बरोबर केलं की चूक, मला कळत नाही.

इंजिन आजपासून बंद. रेल्वेच्या डॉक्टरांनी फार काही तपासलं नाही. गळ्याचं माप घेतलं आणि म्हणाले, पुढच्या खेपेला बायकोला घेऊन या, झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो का, ते तिलाच विचारायचं आहे. मोठे डॉक्टर असतील, पण हे काही मला पटलं नाही. ती तर दुसऱ्या खोलीत झोपते, तिला काय माहीत?

घरी येऊन बाबूजींना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “दारू परवडली असती बेटा.” आणि थोड्या वेळाने, “पण सांगतलं ते चांगलं केलं.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुर्गेश डॉक्टरकडे गेलेला नाही. काल म्हणाला उद्या जातो, आज म्हणाला सोमवारी. उद्या पहाटे त्याची ड्यूटी आहे, नव्या ड्रायव्हरसोबत. गोळ्या बंद केल्या म्हणतो.

जेवणं झाल्यावर मी त्याला फोन केला. म्हटलं, आता तर मी नाही तिथे. आता तू निवांत झोप.

तो म्हणाला, “झोप येत नाई सर. गोळी घेत नाई, तरी येत नाई. पडलो का सिग्नल दिसतात. पुकारतो म्हणे मी, पायल उठून बसते.” आवाज अगदी ताजा होता, भरभर बोलत होता, मधूनच हसत होता. मी विचारलं, किती दिवस झाले? त्याने सांगितलं नाही.

मग माझीच समजूत घालायला लागला. “तुमी नोका टेन्शन घेऊ. तुमाले आरामाची गरज आहे. झोपा सर तुमी, मी जागाच आहो.”

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी सुकेशनीला सांगून, कवडूजींना फोन करून निघतो आहे. त्याच्या दाराशी बसून राहीन. उद्या त्याला गाडीवर जाऊ देणार नाही.